एकट्याने येणाऱ्यालाही आपली वाटेल अशी मोटरसायकल रॅली: पुणे ते वाई, दोन दिवसांचं सविस्तर नियोजन

मोटरसायकल क्लबची रॅली जमली की नाही, हे मुक्कामाच्या रात्रीच्या जल्लोषावरून कळत नाही. यंदा कुणालाही न ओळखता आलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतो का, यावरून कळतं. बहुतेक क्लबांत नवा माणूस एकदा येतो, गाडीजवळ मोबाइल बघत उभा राहतो, जेवतो, झोपतो आणि पुन्हा येत नाही. जुने सभासद वाईट असतात म्हणून असं होत नाही. ते वर्षभराने एकमेकांना भेटत असतात, आणि नव्याकडे बघण्याचं काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं. म्हणून या लेखातल्या सगळ्या नियोजनामागे एकच सूत्र आहे: प्रत्येक जुन्या सभासदाला काम द्या आणि प्रत्येक नव्याला जागा द्या. गटात जागा, पंगतीत जागा, झोपायला जागा, आधीच ठरवलेली.

उदाहरण म्हणून 60 गाड्या आणि पिलियनसकट (मागे बसणाऱ्यांसकट) 75 माणसांची, पुण्याहून निघून वाईला एक मुक्काम करणारी रॅली घेतली आहे. आकडे तुमच्या संख्येप्रमाणे वरखाली करा.

तारीख आणि जागा

तयारीला दहा आठवडे धरा. तारीख निवडताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, हवामान नंतर. वाई परिसरात पौष पौर्णिमेला मांढरदेवीची काळूबाईची यात्रा असते आणि तिची गर्दी मागेपुढे बरेच दिवस टिकते. भोर-मांढरदेव-वाई रस्ता त्या काळात नियोजनातून वगळाच. 2005 साली याच यात्रेत मोठी चेंगराचेंगरी झाली होती. 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी वाहनं वाईतून वर चढतात. फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार बरा: पहाटे थंडी, दुपारी ऊन सोसवेल इतपत, रस्ते कोरडे आणि वर स्ट्रॉबेरीचा हंगाम.

मात्र याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेले असतात, आणि बाहेर आलेले उसाचे शेंडे अंधारात दिसतच नाहीत. त्यामुळे अंधार पडल्यावर एकही गट रस्त्यावर असता कामा नये.

मैदान बघायला मोटरसायकलवरूनच जा. चारचाकीतून गेलात तर शेवटच्या दोनशे मीटरच्या मातीच्या वाटेतली खडी आणि चर जाणवत नाहीत, आणि नवशिक्याची गाडी तिथेच पडते. मोटरसायकलला मधली वाट धरून साधारण 4 ते 5 चौरस मीटर जागा लागते. 60 गाड्यांना 300 चौरस मीटर मुरमाची किंवा दाबलेली जागा हवी. नांगरलेल्या शेतात साइड स्टँड रुततो आणि रात्रीतून गाड्या एकमेकींवर कलंडतात. प्लायवूडचे तळहाताएवढे 70 तुकडे कापून घ्या आणि गेटवरच प्रत्येकाच्या हातात एक द्या. गाड्या तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायच्या. सकाळी घाईत उतारावर रिव्हर्स घेताना पडणाऱ्या गाड्या यामुळे वाचतात.

शौचालयं 75 माणसांना किमान पाच हवीत. त्यातली दोन स्त्रियांसाठी वेगळी, आतून कडी लागणारी आणि तिथपर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असलेली. रॅलीला येणाऱ्या बायका पहिल्यांदा हीच गोष्ट विचारतात, आणि उत्तर गुळमुळीत असेल तर नाव नोंदवत नाहीत. वीज गेली तर पाच केव्हीएचा आवाज न करणारा जनरेटर दिवे आणि स्पीकरला पुरतो. मोबाइल चार्जिंगसाठी सहा पॉइंटचे चार बोर्ड वेगळे काढा.

पैशांचा हिशोब

खर्च दोन खात्यांत मांडा. मैदान, मंडप, ध्वनिव्यवस्था, जनरेटर, पिकअप गाडी हा खर्च किती माणसं आली तरी तेवढाच राहतो. जेवण, पाणी, बॅज हा माणशी असतो. समजा स्थिर खर्च 60,000 रुपये आणि माणशी खर्च 900 रुपये आहे. 60 चालक धरले तर वर्गणी 1,900 रुपये येते. पण 45च आले तर तीच 2,233 होते. वर्गणी 45च्या हिशोबाने ठरवा. ती जड वाटत असेल तर मंडप लहान करा, पण सगळे येतीलच या आशेवर आकडा बसवू नका. पिलियनकडून फक्त माणशी खर्च घ्या. टीशर्ट वर्गणीत घालू नका, वेगळा विकायला ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याला ज्या क्लबचा तो अजून झालेला नाही त्याच्या टीशर्टचे पैसे द्यावे लागले की मनात अढी बसते.

नोंदणीच्या पानावर चार गोष्टी ठळक लिहा: सीसीची अट नाही, कंपनीची अट नाही, स्कूटर चालेल, एकटं यायला हरकत नाही. हे आपल्याला उघड वाटतं, बाहेरच्याला वाटत नाही. बुलेट क्लब म्हटलं की स्प्लेंडरवाला आपणहून मागे राहतो.

फॉर्ममध्ये नाव, रक्तगट, घरच्या व्यक्तीचा नंबर, गाडी, टाकीत किती पेट्रोल मावतं, ॲलर्जी किंवा चालू औषधं, शाकाहारी की मांसाहारी, आणि घाटात गाडी चालवली आहे का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न “अनुभव किती वर्षांचा?” असा विचारू नका. दहा वर्षं फक्त ऑफिसला गाडी नेणारा “दहा” लिहितो आणि पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणावर गडबडतो. आणखी एक रकाना हमखास ठेवा: शनिवारी मांसाहार चालतो का? आपल्याकडे शनिवार, एकादशी, संकष्टी पाळणारे बरेच असतात. ते आधी विचारलं नाही तर मटण उरतं आणि पिठलं संपतं.

परवानग्या

स्थानिक पोलीस ठाण्याला तीन आठवडे आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात तारखा, गाड्यांची संख्या, मैदानाचा गट क्रमांक, दोन जबाबदार व्यक्तींचे नंबर लिहा, आणि गावातून मिरवणूक निघणार नाही, गाड्या आठ-आठच्या गटांनी अंतर ठेवून येतील, हे स्पष्ट लिहा. “रॅली” हा शब्द वाचला की पोलिसांच्या डोळ्यांसमोर झेंडे आणि घोषणा येतात, म्हणून हे वाक्य महत्त्वाचं. सोबत जागामालकाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि स्पीकरची परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, त्यामुळे कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखा. दारू देणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. आमचं मत विचाराल तर नव्या लोकांना बोलवायचं असेल तेव्हा मैदान दारूमुक्त ठेवा. पिणाऱ्यांची सोय करण्यात कार्यकर्त्यांची संध्याकाळ जाते, आणि रविवारी सकाळी कोण गाडी चालवायच्या अवस्थेत आहे हे ठरवणं त्यांच्याच गळ्यात पडतं. कायद्याने मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि उशिरापर्यंत घेतलेली दारू पहाटे सहाला उतरलेली असेलच असं नाही.

रस्ता आणि गट

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण नवीन माणूस घाबरतो तो रस्त्यावर.

जमायची जागा शहरात ठेवू नका. प्रत्येकाने आपापला कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरजवळच्या मोठ्या पार्किंगच्या हॉटेलात सकाळी साडेसहाला यावं. हॉटेलवाल्याशी आधी बोलून ठेवा. चहा-नाश्त्याचं गिऱ्हाईक मिळत असेल तर तो सहसा नाही म्हणत नाही. महामार्गाच्या कडेला जमणं पूर्ण वर्ज्य. मुंबईकडून येणाऱ्यांना जुन्या महामार्गाने खंडाळा घाटातून यायला सांगा, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. दरवर्षी नव्यांपैकी कुणीतरी नकाशा बघून त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

60 गाड्यांचे आठ गट करा, सात-आठ गाड्यांचे. सगळ्या एका रांगेत का नकोत? ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. एकेक सेकंदाचं अंतर धरलं तरी 60 गाड्यांची रांग एक किलोमीटर लांब होते. पुढच्याने ट्रॉलीसाठी वेग कमी केला की तो धक्का मागे सरकताना वाढत जातो, शेवटचा पार थांबतो. मग पुढचे 60ने निघून गेलेले असतात आणि त्यांना गाठायला शेवटच्याला 80-90 करावे लागतात. रांग रबराप्रमाणे ताणते आणि आखडते, आणि तो ताण नेमका सगळ्यात मागे राहिलेल्या नवख्यावर येतो.

म्हणून गटातला क्रम असा: पुढे लीड, त्याच्यामागे दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर सगळ्यात नवे किंवा सगळ्यात लहान गाडीवाले, त्यांच्यामागे अनुभवी, सगळ्यात शेवटी स्वीप. लीडने आरशात दुसऱ्याकडे बघून वेग ठरवायचा. एका गटात नवे तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक नव्यामागे एक ठरलेला सोबती हवा. सोबत्याचं काम आदल्या बुधवारी सुरू होतं: फोन करायचा, नाव सांगायचं, “शनिवारी साडेसहाला मी अमुक रंगाच्या गाडीजवळ असेन” म्हणायचं, चेन आणि टायरची हवा बघून घ्यायला सांगायचं. या एका फोनमुळे सकाळी जाऊ की नको या विचारात असलेला माणूस घरातून निघतो.

सरळ रस्त्यावर नागमोडी रचना ठेवा. लीड लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात एक सेकंद मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे, म्हणजे बरोबर समोरच्या गाडीपासून दोन सेकंद, साधारण 33 मीटर. अंतर मोजायची सोपी रीत म्हणजे समोरची गाडी खांबाजवळून गेली की “एक हजार एक, एक हजार दोन” म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर जवळ आहात. घाटात, अरुंद रस्त्यावर आणि गावातून एकामागे एकच. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः बघून करायचा. पुढच्याने हात दाखवला म्हणून मागच्याने न बघता बाहेर पडायचं नाही. पुढच्याला दिसलेली मोकळी जागा तुम्ही पोचेपर्यंत भरलेली असते.

खुणा पाचच शिकवा: थांबा, हळू, एकेरी रांग, खड्डा, पेट्रोल. खड्ड्याची खूण म्हणजे तो ज्या बाजूला त्या बाजूचा पाय बाहेर. जास्त खुणा शिकवल्या तर नवा माणूस त्या आठवण्यात रस्ता विसरतो.

निघण्याआधीची सूचनासभा दहा मिनिटांची. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आहे का आणि पट्टा आवळला आहे का, हे चालक आणि पिलियन दोघांचं बघा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. मागे राहिलात तर वेग वाढवू नका, पुढचं वळण चुकणार नाही कारण तिथे आपला माणूस उभा असेल, हे वाक्य दोनदा सांगा. आणि ते खरं करा: सुरूर फाट्याला महामार्ग सोडताना, वाई गावात शिरताना आणि मैदानाच्या वाटेवर मार्शल उभे करा. शेवटच्या गटाचा स्वीप दिसेपर्यंत त्यांनी हलायचं नाही.

गट चार-चार मिनिटांच्या अंतराने सोडा. दुचाकींना टोल नाही, पण टोलनाक्यावर डाव्या कडेच्या लेनमधून एकेक गाडी निघते आणि गट तुटतो. पुढे गेलेले नाक्यानंतर लगेच कडेला थांबतात, मागून वेग घेत ट्रक येतात. तिथे थांबू नका, थांबा ठरलेला आहे: शिरवळ, घाटाच्या आधी, वीस मिनिटं. तिथून खंबाटकी घाट चढून सुरूर फाटा. खंबाटकी-पसरणी न थांबता करायला पहिल्या वर्षाच्या माणसाला लावू नका, पसरणी रविवारसाठी ठेवा.

पेट्रोलचं नियोजन सगळ्यात लहान टाकीवर. क्लासिक 350ची टाकी 13 लिटरची, तिला हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण जुन्या दहा-साडेदहा लिटरच्या टाकीच्या टू-स्ट्रोक गाडीला मायलेज कमी आणि ऑइलही लागतं. सगळ्यांनी टाकी भरूनच यायचं, आणि वाईत शनिवारी दुपारीच पुन्हा भरून ठेवायचं. रविवारी सकाळी साठ गाड्या एकाच पंपावर उभ्या राहिल्या तर पाऊण तास तिथेच जातो.

मैदानात पहिला अर्धा तास

गट आला की आधी चहा आणि पाणी, सह्या-पावत्या नंतर. हेल्मेट काढलेल्या माणसाला रांगेत उभं करून आधार कार्ड मागितलं की स्वागताची हवा निघून जाते. टेबलं दोन ठेवा, आधी नोंदणी केलेल्यांचं आणि आयत्या वेळी आलेल्यांचं. दुसऱ्याला वेळ लागतो. एकच टेबल असेल तर सगळेच ताटकळतात.

बॅजवर पहिलं नाव मोठ्या अक्षरात, खाली गाव आणि गाडी. तीन पावलांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणजे संभाषणाला सुरुवात मिळते: “सांगलीहून आरएक्सवर आलात?” नवख्यांच्या बॅजला वेगळा रंग देण्याचा मोह होईल, देऊ नका. यजमानांनाच वेगळं काढा: दहा-बारा कार्यकर्त्यांच्या गळ्यात भगवा किंवा पिवळा पंचा असू द्या आणि “काही लागलं तर पंचेवाल्याला विचारा” एवढं सांगा. मदत मागायला जावं कुणाकडे हे कळलं पाहिजे. मदत लागणारा कोण आहे हे जगाला कळायची गरज नाही.

पंचेवाल्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात. कुणी त्रास दिला, नको तिथे फोटो काढले, रात्री तंबूशी घुटमळलं, तर तक्रार ऐकण्याचे आणि त्या माणसाला, तो क्लबचा संस्थापक असला तरी, घरी पाठवण्याचे अधिकार दोन नेमलेल्या व्यक्तींना आधीच द्या आणि त्यांची नावं स्वागताच्या टेबलावर लावा.

दुपारचा कार्यक्रम भाषणांत घालवू नका. दोन गोष्टी हमखास जमतात. एक म्हणजे चेन आणि पंक्चरचं प्रात्यक्षिक. गाडी मेन स्टँडवर, चेन किती ढिली आहे ते खालच्या बाजूला मधोमध बोटाने उचलून दाखवायचं. साधारण 25 ते 30 मिलिमीटर खेळ बऱ्याच गाड्यांना चालतो, नक्की आकडा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट, तिथलं माप खरं. लोकांना स्वतःच्या गाडीला हात लावू द्या.

दुसरी म्हणजे सावकाश शर्यत. 20 मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टे चुन्याने आखा. जो शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला किंवा रेष ओलांडली की बाद. इथे 650 सीसीच्या गाडीची ताकद कामाची नाही, क्लच-ब्रेकचा हात लागतो, आणि स्कूटरवर रोज बाजारातून वाट काढणारी बाई पंधरा वर्षांच्या जुन्या रायडरला हरवू शकते. एका फेरीत संध्याकाळचं अर्धं अवघडलेपण जातं.

सगळ्यांना गोलात बसवून ओळख करून द्यायला लावू नका. 75 माणसांनी एकेक मिनिट घेतलं तरी सव्वा तास होतो आणि विसाव्यानंतर कुणी ऐकत नाही. ज्या गटात रस्त्याने आले त्याच आठ जणांनी चहाच्या वेळी बसावं आणि प्रत्येकाने एकच सांगावं: या गाडीने तुम्हाला सगळ्यात जास्त कुठे अडकवलं?

जेवण

स्वयंपाक गावातल्या महिला बचत गटाला द्या. चव चांगली, पैसा गावात राहतो, आणि रॅलीकडे गाव आपुलकीने बघतं. आकडे असे: रविवारच्या नाश्त्याला माणशी 80 ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे सहा किलो. चहा दोन वेळचा, 100 मिलिचे 150 कप. नऊ-दहा लिटर दूध, सव्वा ते दीड किलो साखर, 300 ग्रॅम पावडर. रात्री मटण माणशी 200 ग्रॅम, 50 खाणारे धरून दहा किलो. सोबत पिठलं आणि भरली वांगी सगळ्यांना पुरतील इतकी, कारण मटण खाणारेही ती घेतात. भाकरी माणशी दोन, 150 भाकऱ्यांना 13 ते 15 किलो ज्वारीचं पीठ. शाकाहारी पातेलं, पळी आणि वाढणारा वेगळा ठेवा. पिण्याचं पाणी दिवसाला माणशी तीन-चार लिटर, म्हणजे 20 लिटरचे बारा जार, आणि दोन जास्तीचे.

गार झालेली भाकरी चिवट होते, म्हणून दोन पंगती करा. मिरवणारे जुने सभासद क्लबचं जॅकेट घालून एका कोपऱ्यात बसतात आणि तिथे जणू भिंत तयार होते. पंगतीला गटाप्रमाणे बसवलं की ती आपोआप मोडते. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक पंचेवाला असेल आणि पहिल्या पंगतीत तोच वाढेल. अध्यक्ष, संस्थापक, प्रायोजक दुसऱ्या पंगतीला.

साडेनऊला स्पीकर बंद, दहानंतर इंजिन चालू करायचं नाही. ज्याला बाहेर जायचंय त्याने रस्त्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची. बदललेले कर्कश सायलेन्सर बेकायदेशीर तर आहेतच, पण एका रात्रीत गाव कायमचं नाराज होतं आणि पुढच्या वर्षी मैदान मिळत नाही.

रविवार

दोन फेऱ्या ठेवा. त्यांना “नव्यांची” आणि “जुन्यांची” अशी नावं देऊ नका, वेळेवरून ओळखू द्या. साडेसहाची फेरी पसरणी घाटाने पाचगणीला, वाईपासून बारा-तेरा किलोमीटर. पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, नऊपर्यंत घाट उतरून खाली यायचं. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, क्लच सोडलेला, ब्रेक थोडा दाबून सोडायचा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खालच्या वळणांवर पकड कमी झाल्याचं लक्षात येतं. हे घाटाच्या माथ्यावर, उतरायच्या आधी सांगा. आदल्या रात्री सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आठची फेरी मेणवली आणि धोमला, कृष्णेच्या काठाने, जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर. मेणवलीत गाड्या गावाबाहेर लावून नाना फडणविसांच्या वाड्यापर्यंत आणि नदीवरच्या घाटापर्यंत चालत जा. वसईच्या मोहिमेनंतर आलेली मोठी घंटा तिथे आहे. जुन्या सभासदांपैकी निम्मे तरी या फेरीत असले पाहिजेत, नाहीतर ती दुय्यम ठरते.

परतीला एक वाजता मैदान सोडा. साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतर उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण आहे, जिथे अवजड वाहनांचे गंभीर अपघात झाले आहेत. घाट आणि बोगद्याच्या भागात कामामुळे वाहतूक वळवलेली असू शकते, तेव्हा आदल्या आठवड्यात एकाने प्रत्यक्ष जाऊन बघून यावं. रॅली अधिकृतपणे खेड शिवापूरला संपवा. पुढे नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार हा पुण्यातला सगळ्यात अपघाती पट्टा. तिथून थकलेल्या माणसांचा ताफा नेण्यात काहीच मिळवायचं नाही. तिथून प्रत्येकाने आपल्या वेगाने, एकटं जावं आणि घरी पोचल्याचा निरोप सोबत्याला द्यावा.

गाडी बंद पडली, माणूस पडला

शेवटच्या गटामागे पिकअप हवी: आठ फुटांची जाड फळी, चार रॅचेट पट्टे, जुन्या ट्यूब बांधायला. गाडी चढवल्यावर पट्टे हँडलखाली पुढच्या फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या जोडणीतून घेऊन पुढचा शॉकॲब्झॉर्बर अर्धा दाबला जाईल इतके आवळा. पूर्ण दाबलात तर ऑइल सील फुटतं.

मेकॅनिकला हाक मारण्याआधी स्वीपने तीन गोष्टी बघायच्या: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, पेट्रोलचा कॉक. नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद होतात. गोंधळलेल्या नवख्याची “बंद पडलेली” गाडी बऱ्याचदा या तीनपैकी एकामुळे बंद असते. हे त्याला बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगा.

पेटीत क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, प्लग आणि प्लगपाना, चेनची जोडकडी, फ्यूज, 18 आणि 19 इंचाच्या ट्यूब, टायर लिव्हर तीन, पंप, ट्यूबलेसच्या पट्ट्या, इन्सुलेशन टेप, केबल टाय, डॉट 4 ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल आणि टू-टी ऑइल ठेवा. तारांच्या चाकांत बहुतेक ट्यूब असते, तिथे ट्यूबलेसच्या पट्ट्यांचा काही उपयोग होत नाही.

अपघात झाला तर एक माणूस जखमीजवळ, एक मागून येणारी वाहनं हळू करायला पन्नास-शंभर मीटर मागे, एक फोनवर. बाकीच्यांनी गाड्या रस्त्याबाहेर घेऊन लांब उभं राहायचं. ॲम्ब्युलन्सला 108, पोलिसांना 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, व्हायझर उघडा, मान हलू देऊ नका, पाणी पाजू नका. वाईच्या ग्रामीण रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यांत रात्री एक्स-रे होतो का हे आधी विचारून ठेवा. मोठ्या दुखापतीला सातारा सुमारे 35 किलोमीटरवर आहे. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ चं संरक्षण आहे, हे गटातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. सगळ्यात जास्त दिसणारी इजा मात्र साधी असते: उतरताना पोटरी सायलेन्सरला टेकते. वीस मिनिटं गार पाण्याची धार, मग स्वच्छ गॉज. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

सोमवारनंतर

मंगळवारपर्यंत जमाखर्च सगळ्यांना पाठवा, बिलांच्या फोटोंसकट. उरलेले पैसे कशात जाणार ते लिहा. पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला त्याच्या सोबत्याने फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात: कुठे भीती वाटली, कुठे एकटं वाटलं, काय नको होतं. “कसं वाटलं?” विचारलं की सगळे “मस्त” म्हणतात आणि हाती काही लागत नाही. फोटोंत नवे चेहरे आहेत का ते बघून मगच अल्बम पाठवा. तेच पाच जुने सभासद दिसत असतील तर फोटो काढणाऱ्याला पुढच्या वेळी यादी द्या. मैदान साफ झाल्याचं जागामालकाकडून ऐकून घ्या, बचत गटाचे पैसे त्याच आठवड्यात द्या.

आणि चार आठवड्यांच्या आत सकाळची छोटी नाश्त्याची राइड ठेवा, दुपारी बाराला घरी पोचता येईल अशी. तिची तारीख आणि जमायची जागा रविवारी खेड शिवापूरच्या शेवटच्या चहाच्या वेळीच जाहीर करा. तिचा लीड यंदाच्याच नव्यांपैकी, हात स्थिर असलेला कुणीतरी असू द्या, आणि मागे स्वीपला त्याचाच सोबती.